भिंतीपलीकडचा साबण

गावच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात चिझुरू गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. काठावर अंग धुवायला बसलेल्या हात्सुएबाई बायकांच्या आणि पुरुषांच्या भागांमधल्या लाकडी भिंतीकडे बघून ओरडल्या,

“साबण टाका!”

“तीन दिवस अबोला धरलायस ना?” पलीकडून त्यांच्या म्हाताऱ्याचा आवाज आला. “मग आता कुणाशी बोलतेस?”

“भिंतीशी.”

“मग भिंतीकडेच माग साबण.”

“पाहुण्यांसमोर माझं मुळ्याचं लोणचं खारट म्हणालात!”

“खारटच होतं.”

“तरी तीन वाडगे भात हाणलात!”

“भाताशिवाय गिळलं कसं असतं ते?”

पलीकडे दोघं-तिघं खो-खो हसले. एक जण वैतागून म्हणाला, “तोमेकिची, टाक की रे साबण! आम्हाला सुखानं डुंबू दे.”

“आधी चुकलं म्हणायला सांगा त्यांना.”

पलीकडे पाणी खळबळलं आणि म्हाताऱ्याचा आवाज भिंतीजवळ आला.

“हात वर कर. आणि रात्री जेवताना ते लोणचं वाढ थोडं.”

भिंतीवरून झिजलेली वडी आली. हात्सुएबाईंनी ती न बघताच झेलली.

चिझुरूची नजर त्यांच्या बादलीत गेली. तिथे कागदसुद्धा न काढलेला नवाकोरा साबण होता.

“बघतेस काय गं?” म्हणत हात्सुएबाईंनी त्यावर टॉवेल ओढला.