पोच कुठाय?

...अहो, पण लायब्ररीवाल्यांनी विचारायचं तरी ना, की बाबा, तुम्ही आयुष्यभर काय केलंत? छे! 'इंग्लिश येतं? मग मंगळवारी सकाळी या.' झालं! आणि मनोहरकाकांनी बत्तीस वर्षं केलं काय, तर जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळली. रिटायर झाले, मुलाकडे अमेरिकेत, नोव्हायला आले, आणि तुम्हाला सांगतो, आता हा माणूस निर्वासितांना व्यवहारातलं इंग्रजी शिकवतोय!

पुस्तकात सगळं होतं हो. दुकानात काय बोलायचं, फोनवर काय बोलायचं. काकांनी ते पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. 'बोललेलं हवेत जातं. लेखी द्या! आणि दिलंत तर... पोच कुठाय?' पोच म्हणजे काय, तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याची सही, तारीख, वेळ. झालं! सिरियाचे आजोबा, काँगोची बाई, व्हेनेझुएलाच्या दोघी बहिणी, सगळे आपापल्या लिपीत 'पोच' लिहून घेतायत! वर्गाची व्यवस्था बघणारी नीना, इथेच जन्मलेली, आपल्याच मराठी घरातली, ती हात जोडते, 'काका, धिस इज अ कॉन्व्हर्सेशन क्लास, यार!' काका ऐकतात होय?

त्यात ही झरमीना. अफगाणिस्तानातून आलेली, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. ऐन जानेवारी, बाहेर उणे पंधरा, आणि हिच्या बिल्डिंगचं हीटिंग तीन आठवडे बंद! सगळा वर्ग त्याच बिल्डिंगमधला, पण बाळ हिचं एकटीचं, आणि त्याचा खोकला काही थांबेना. नीना म्हणाली, 'बिल्डिंगच्या ऑफिसला फोन कर.' पण फोन म्हटला की झरमीनाची बोबडीच वळायची. समोर माणूस असला तर हातवारे तरी करता येतात, फोनवर काय करणार? शेवटी नीनानंच केला. 'युअर कॉल इज व्हेरी इम्पॉर्टंट टू अस...' तीनदा!

मग काय, काकांच्या अंगात जिल्हा परिषद संचारली. विषय : घर गरम करून मिळणेबाबत. संदर्भ एक, संदर्भ दोन... सगळं इंग्रजीत बरं का! आणि खाली, माहितीसाठी प्रत : महापौर, अग्निशमन दल, बाळाचे डॉक्टर, झरमीनाची नणंद! 'काका, नणंद कशाला?' 'असू दे, वजन पडतं.'

झरमीनाला घेऊन गेले त्या ऑफिसात. काउंटरवरच्या मुलीनं कागद घेतला, गोड हसली, 'थँक यू, वी विल लुक इनटू इट!' पण झरमीना जागची हलेना. दुसरी प्रत पुढे सरकवली, बोट ठेवलं. 'यू साइन. डेट. टाइम.'

'मॅम, वी डोन्ट डू दॅट.'

'यू साइन.'

बाळ रडतंय, मागे रांग लागलीय, मुलाचं जाकीट घातलेल्या काकांना घाम फुटलाय, आणि ही बाई आपली ठाम उभी, पोच कुठाय, पोच कुठाय! शेवटी मॅनेजर आला. चष्मा लावला, ती प्रतींची यादी वाचली, चष्मा काढला. 'इज धिस... लीगल?'

काका म्हणाले, 'रूटीन.'

अहो, सही केली त्यानं! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अख्ख्या बिल्डिंगचं हीटिंग सुरू!

काका असे खूश, पुढच्या मंगळवारी पेढे घेऊन वर्गात हजर. बघतात तर काय, झरमीना नाही. आजोबा नाहीत. बहिणी नाहीत. कुणीच नाही! काकांचा जीव खालीवर, बाळाला काही झालं की काय... तेवढ्यात फोन वाजला. झरमीना! आपणहून केलेला पहिला फोन!

'टीचर, गुड मॉर्निंग! हाउ आर यू? बेबी इज गुड, नो कफ. टुडे आउटसाइड टू मच स्नो. बिफोर, माय हाउस कोल्ड, लायब्ररी वॉर्म, सो वी ऑल कम. नाऊ हाउस वॉर्म, टीचर. व्हाय कम?'

काकांनी फोन ठेवला. एक पेढा नीनाला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. डोळे पुसले.

'ऐकलंस ना? किती छान बोलली गं फोनवर! ...आता शिकवू कुणाला?'