धुमाळ साहेबाचं तोंड मेलं

नाई, मले एक सांगा, माणूस जित्ता अन् त्याचं तोंड तेवढं मेलं, असं कुठी असते का? तुमी हासून राह्यले... हासा. तुमाले मोहाची फुलं वेचायले जंगलात जा लागत नाई ना, हासा. इथी मी रोज जीव मुठीत धरून जाऊन राह्यलो, अन् कायच्यापायी? तं टीव्हीतल्या एका इन्स्पेक्टरपायी. मी काई भित्रा माणूस नाई, आधीच सांगतो. पण तोंड तं ओळखीचं पायजे का नाई?

तुमाले सांगतो, 'मागावर' नावाची ती सिरियल. आमच्या दिव्यानीच्या बारशाच्या साली सुरू झाली, आता पोरगी कॉलेजात जाऊन राह्यली, तरी धुमाळ साहेबाले एक प्रमोशन नाई. तीच खुर्ची, तोच टेबल, अन् तेच वळून पाह्यणं. चोर सुटलो म्हणून दरवाज्यातून निघून राह्यला का हा पाठमोरा उभा, मंग हळूच मान फिरवते, एक भुवई वर नेते... चोराच्या पायातलं बळच जाते. आमची घरवाली गुणाबाई तव्यावरची पोळी जळू देते पण ते वळणं सोडत नाई. बाकी लोकं आले अन् गेले. त्या सिरियलचा कायदाच हाय, जो सुट्टी मागन तो मेला. हवालदारानं दुसरीकडं काम धरलं, त्याले कोमात टाकला. डॉक्टरीणबाईचं लगन जमलं, तिले विदेशात धाडलं अन् विमानच पाडलं. दिव्यानी मोबाईलवर वाचून सारं सांगते. मी टीव्हीपुढं हात जोडून म्हणत जावो, साहेब, तुमी तेवढी सुट्टी मागू नोका.

आता तुमी म्हणान, मुखरू, टीव्हीचा अन् मोहाचा काय संबंध? हाय ना संबंध. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाले, गावामागं जंगल, अन् जंगलात तो. नाव घेत नाई मी त्याचं. आमच्याकडं जंगलाच्या गोष्टीत त्याचं नाव घेत नाई, घेतलं का येते म्हणते. पट्टेवाला... समजलं ना? बस. उन्हाळ्यात मोह गळते, उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन जाते, झाडाखाली वाकून वाकून वेचते, अन् वाकलेलं माणूस त्याले जनावरच वाटते. तो येते तं मागूनच येते. बाजूच्या गावची सुकरी नावाची बाई अशीच गेली होती वेचायले. टोपली भरलेली सापडली. पुढचं इचारू नका.

मंग फॉरेस्टच्या ज्योत्स्ना मॅडम गावात आल्या. म्हणे, तो समोरून पाह्यणाऱ्या माणसावर सहसा येत नाई, डोक्याच्या मागं मुखवटा बांधा, त्याले वाटन का माणूस आपल्याकडंच पाहून राह्यला. मुखवटे बी देल्ले. गुलाबी गालाचे, दात काढून हासणारे, कोन देशचे लोक होते कोन जाणे. गुणाबाईनं हातात घेतला, उलटापालटा केला अन् म्हणते, "मॅडम, ह्या परक्या माणसाले डोक्याले बांधून मी जंगलात जाऊ? तोंड तं ओळखीचं पायजे का नाई?" घरी आली अन् पेपरात आलेला धुमाळ साहेबाचा तो मोठा फोटो, वळून पाह्यणारा, पुठ्ठ्यावर चिकटवला, बाजूले भोकं पाडली, सुतळी ओवली, झालं. ते पाहून साऱ्या बायांनी झेरॉक्स मारून आणल्या. सकाळी बाया वाटेनं जाऊन राह्यल्या अन् मी कुंपणाजवळ तंबाखू मळत उभा, पाह्यतो तं काय, धुमाळच धुमाळ, सारे भुवई वर करून माह्याकडं पाहून राह्यले. मी काईच केलं नव्हतं, तरी दोन्ही हात वर केले.

पण तुमाले खरं सांगतो, तो मोसम आमच्या गावच्या एका बाईले ओरखडा नाई. साहेबाच्या भरोशावर सारं गाव मोह वेचत होतं.

अन् आता, ऐन मोह गळायच्या दिवसात, साहेब गाडीसकट खाईत. गाडी पेटली. ठाण्याच्या भिंतीवर साहेबाचा फोटो, फोटोले हार, पुढं उदबत्ती. अन् फोटो कोणता? तोच, वळून पाह्यणारा. गुणाबाई डोक्यावर पदर घेऊन टीव्हीपुढं बसली, जेवलीबी नाई. मंग चार दिवसानं पाह्यतो तं दवाखाना, पट्ट्या गुंडाळलेला माणूस, डॉक्टर म्हणते, "प्राण वाचले, पण चेहरा..." पट्टी सुटते, सुटते, सुटते... जाहिरात. जाहिरात झाली अन् पट्टीतून निघाला कोन? गोरागोमटा पोट्टा, गालाले खळी. बारीक आवाजात म्हणते, "मी इन्स्पेक्टर धुमाळ." आता तोंड जळलं समजलो, आवाज कसा जळला? उंची कशी जळली? अन् ठाण्यातले सारे त्याले सलाम ठोकते, साहेबाची बायको त्याच्या गळ्यात पडते, एकजण इचारत नाई का बावा, तू हायस कोन?

दिव्यानी म्हणे, "आई, ॲक्टर सोडून गेला. पात्र तेच आहे, चेहरा फक्त बदलला."

गुणाबाई म्हणते, "म्हणजे माणूस जित्ता हाय, तोंड मेलं." उठली, खुंटीवरचा पुठ्ठा काढला अन् देवाजवळ ठेवला. "हार पडलेलं तोंड डोक्याले बांधून मी जंगलात जाणार नाई. मेलेल्याले कोनी सोबतीले नेते का?"

मी म्हणलं, मंग नव्याचा फोटो लाव. तं म्हणते, "ह्याले पाहून तो जंगलातला भिईन? ह्याले पाहून तं बकरीबी हात चाटायले येन." मी म्हणलं, मंग जाऊच नोको यंदा. तं म्हणते, "मोह का माह्यासाठी झाडावर थांबून राहीन?"

ते बी खरं. पण ती वाकलेली अन् तिच्या मागं पाह्यणारं कोनी नाई, हेच डोळ्यापुढं येऊन राह्यलं. भांडते माह्याशी, भाजीत तिखट जास्त टाकते, पण मले गुणाबाई पायजे, भाऊ. ती नसली तं मी भांडू कोनाशी?

तेवढ्यात तिची नजर माह्यावर. "अजी, उठा. तिकडं तोंड करा. आता हळूच वळून पाहा. भुवई वर." माही एक भुवई एकटी कधी गेलीच नाई वर, दोन्ही गेल्या, अन् त्यांच्यासोबत तोंडबी उघडलं. ती म्हणते, "चालते." मी म्हणलं, बरं, माहा फोटो काढ अन् झेरॉक्स मार. तं म्हणते, "कागद कायले? तुमी सोता हाव ना."

तवापासून ती पुढं मोह वेचते अन् मी तिच्या पाठीले पाठ लावून उलटा चालतो. मी काई भित्रा माणूस नाई, पण उलटं चालून पाहा एकदा जंगलात. फांदी हालली का जीव जाते, मोहाचं फूल पडलं का जीव जाते, अन् मागून गुणाबाईची कटकट, "अजी, टाचेनं मोह चेंदून राह्यले."

परवा तेंदूच्या झुडपात दोन कान दिसले. पहिले मले वाटलं कोनाची बकरी. मंग बकरीच्या कानाखाली ते डोळे दिसले... ओरडावं तं आवाज नाई. पळावं, तं मी पळालो का मागं गुणाबाईची पाठ उघडी, अन् ती वाकलेली. सुकरीची टोपली डोळ्यापुढं आली. उभा राह्यलो. दोन्ही भुवया वर, तोंड उघडं. त्यानं पाह्यलं, मी पाह्यलं. किती वेळ, त्याले माहीत. मंग तो उठला, वळला, अन् जाता जाता थांबून हळूच मान फिरवून माह्याकडं पाह्यलं. देवाशप्पथ सांगतो, अस्सल धुमाळ साहेब.

मागून आवाज आला, "सरका ना जी, इथचा मोह झाला."

घरी पोचल्यावर माहा आवाज वापस आला, तवा सांगितलं. गुणाबाईनं टोपली खाली ठेवली. माहा हात धरून बसली. मंग डोळे पुसले अन् म्हणते, "म्हणजे चालते तुमचं तोंड."

मी म्हणलं, गुणाबाई, उद्या एक दिवस सुट्टी दे. ती म्हणते, "घ्या की. मी बदली पाहीन."

सुट्टी... बदली... माह्या डोळ्यापुढून कोमातला हवालदार गेला, डॉक्टरीणबाईचं विमान गेलं. म्हणलं, नाई, येतो मी. तं असा माहा रोल पक्का हाय, जी. दिव्यानीले फक्त एवढं सांगून ठेवलं, पोरी, मोबाईलमधी माहा एक चांगला फोटो काढून ठेव, वळून पाह्यणारा. हार घालायले लागते.