पाच बाटल्या आणि एक कोरडा ब्रश

लेकीकडे बेंगळुरूला विमानाने निघालो. हातातल्या बॅगेत पातळ वस्तू, अगदी पेस्टसुद्धा, न्यायच्या तर शंभर मिलीपर्यंतच, आणि एकाच पारदर्शक पिशवीत मावतील तेवढ्याच चालतात. बायको सांगायला लागली, तर म्हटलं, "मला शिकवू नको, व्हिडिओ पाहिलाय!" त्या पिशवीत पाच बाटल्या अशा ठासून बसवल्या, की काडी शिरणार नाही.

मुंबईला तपासणीवाल्याने विचारलं, "काय आहे यात?"

"शेंगदाण्याचं तेल."

"पाचही बाटल्यांत?" तो माझ्या टकलाकडे बघायला लागला.

"डोक्याला नाही साहेब. खिचडीवर घ्यायला, कच्चं."

"जळगावचे का?"

"हो."

"मी धुळ्याना शे. जा भाऊ!"

छाती फुगवून विमानात बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा ब्रश घेऊन जावयाच्या दाराशी उभा, "जावईबापू, जरा पेस्ट देता का?"