उन्हाची प्लेट, सावलीची प्लेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मुख्याध्यापक आदरणीय नानाजी गुरुजी. अकोल्याहून जीपची धूळ खात इथवर आलेले प्रमुख पाहुणे. बावीस वर्षं संस्थेची धुरा वाहून आज ती खाली ठेवणारे सत्कारमूर्ती माननीय उकंडरावजी. व्यासपीठावरील मान्यवर, आणि मांडवात जागा मिळालेले व न मिळालेले जऊळक्याचे माझे बंधुभगिनी,

मी देवमन, वाशीमचा फोटोग्राफर. तोंड कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात घालून उभं राहायची माझी सवय. आज कापडाशिवाय उभं केलंत, त्यामुळे जीभ अडखळली तर सांभाळून घ्या.

उकंडरावजींच्या कार्याबद्दल सगळे बोललेच. मी त्यांच्या तेजाबद्दल बोलतो. ही अतिशयोक्ती नाही, हा माझा धंदा आहे. दर सव्वीस जानेवारीला शाळेसमोर ग्रुप फोटो निघतो. पाहुण्यांना यायला थोडा उशीर होतोच, म्हणून फोटो भर बाराला. साहेबांचं धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, आणि डोक्यावर ते ऊन! कॅमेऱ्याला जरा जास्त उजेड दिला की साहेबांच्या जागी खुर्चीवर नुसती धुतलेली चादर वाळत घातलेली दिसायची. म्हणून मी उजेड साहेबांच्या मापानं द्यायचो. गावात तरी दुसरं कोणाचं माप चालत होतं? साहेब हसताहेत, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

आता होतं काय, की साहेबांच्या मापानं फोटो काढला की त्यांच्या मागचा व्हरांडा डांबरासारखा काळा येतो. त्या व्हरांड्याच्या दरवाज्यात एक बाई उभ्या असतात, आपल्या भागिरथाबाई. शाळा झाडायची, घंटा वाजवायची, पोरांची भांडणं सोडवायची. साहेब संस्थेचे अध्यक्ष झाले त्याच साली त्या कामाला लागल्या, आणि योगायोग असा की आज त्यांचाही शाळेतला शेवटचा दिवस आहे. फलकावर नाव एकाचंच आहे. खडू संपला असेल.

पहिल्या एकोणीस वर्षांत मी एकोणीस फोटो काढले. एकाही फोटोत भागिरथामायचं तोंड नाही. त्यांची मुलगी पंचफुला याच शाळेतून मॅट्रिक झाली. ऑफिसातले फोटो पाहून तिनं विचारलं, "माय, तू कुठं हायेस यात?" मायनं काळ्यावर बोट ठेवलं, "हा दरोजा हाय ना, त्यात हावो मी."

हे मी कानानं ऐकलं आणि मला फार लागलं. मी मूळचा याच गावचा, भागिरथामाय आमच्याच बुद्धविहाराजवळची. मी अकोल्याला माझ्या उस्तादांकडे गेलो. कॅमेऱ्यात ज्या काचेवर फोटो उमटतो तिला आम्ही प्लेट म्हणतो. ते म्हणाले, "एका प्लेटमधी ऊन अन् सावली दोन्ही नाई मावत, बाप्पा. दोन काढ. एक उनाची, एक सावलीची. कॅमेऱ्याची तिपाई हलू देजो नोको. मंग अंधाऱ्या खोलीत एकाच कागदावर दोन्ही उतरव. उनाची उतरवताना सावलीवर पुठ्ठा धर, सावलीची उतरवताना उनावर."

ऐकायला सोपं आहे. पहिल्या वर्षी कोण्या मान्यवराचा पाय तिपाईला लागला आणि शाळा वाकडी झाली. दुसऱ्या वर्षी तिपाईला दगड बांधले. उन्हाची प्लेट झाली, टक्‌ आवाज आला, आणि साहेब उठले! बरोबरच आहे. आपला फोटो निघाला की फोटो संपला. मला प्लेट उलटायला पाव मिनिट लागतं, तेवढ्यात साहेब खुर्चीसमोर उभे राहून हार काढू लागले. दरवाजा नेमका त्यांच्या मागे. सावलीच्या प्लेटवर भागिरथामायच्या जागी साहेबांचा सदरा, पसरलेल्या दुधासारखा.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला मी खोटं बोललो. गुरुजी, माफी असावी. म्हटलं, "साहेब, आता दुसरा फोटो फक्त तुमचा. ऑफिसात लावाले." मग काय विचारता! नाकावर माशी बसली तरी साहेब हलले नाहीत. इतकी स्थिरता मी संस्थेच्या कुठल्याच ठरावात पाहिली नाही.

अंधाऱ्या खोलीत चौदा कागद वाया गेले. पंधराव्यावर उन्हात साहेब आले, टोपीची घडीसुद्धा दिसली, आणि मागच्या सावलीत भागिरथामाय आली. कपाळावरची आठी, पदर, हातातली घंटेची हातोडी, सगळं. खोटं कशाला सांगू, मी तिथंच रडलो.

फोटो आधी साहेबांना दाखवला. निरखून म्हणाले, "देवमन, मी लय झाक आलो. पण मांगं हे कोन हाय?"

साहेब, रागावू नका. बावीस वर्षं उन्हात बसलेल्याला मागचं दिसत नाही, हा डोळ्यांचा दोष आहे, मनाचा नाही, असं मी धरून चालतो.

मग फोटो घेऊन मायकडे गेलो. उस्तादांची युक्ती सांगितली, पुठ्ठे सांगितले, तीन वर्षांची मेहनत सांगितली. वाटलं, माय पाठीवर हात फिरवील. तिनं फोटोतल्या आपल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगला हाय. पण देवमन, एवढं कायले केलं रे? मले आवाज दिला असता तं मी चार पावलं समोर उनात आली असती."

मंडळी, कॅमेरा माझा होता, कोणी कुठं बसायचं हे मीच ओरडून सांगायचो. "गुरुजी, थोडं डावीकडे", "साहेब, मान वर". बावीस वर्षांत "माय, समोर ये" एवढं मला म्हणता आलं नाही. साहेबांना काय वाटेल, पुढच्या वर्षी मला बोलावतील की नाही, याची भीती होती. साहेबांना माय दिसली नाही. मला दिसत होती आणि मी गप्प होतो. मग सांगा, मोठा दोष कोणाचा?

उकंडरावजींना उदंड आयुष्य लाभो. मला बोलू दिलंत याबद्दल गुरुजींचे आणि इतका वेळ उन्हात ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. आता बाहेर ग्रुप फोटो आहे. पहिल्या ओळीत एक खुर्ची जास्तीची मांडली आहे, ती कृपा करून कोणी उचलू नये. आणि माय, तू आज दरोज्यात उभी राहू नोको. मी एकच प्लेट आणली आहे.