अर्थशास्त्राची पोथी

हसा लेको, पण माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाला आईने रोज हळदकुंकू वाहिलंय!

साहेबाचं राज्य होतं, बी.ए.चा अभ्यास सगळा इंग्रजीत. मुंबईला कॉलेजात मी त्याच विषयात नापास झालो आणि पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणून आषाढात काशीदला घरी आलो. पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. बाबा ओटीवर जाळं विणत बसलेले. मला मोठ्याने वाचल्याशिवाय काही लक्षात राहत नसे. पहिल्याच संध्याकाळी आईने माझ्यापुढे पाट मांडला, त्यावर पुस्तक ठेवलं, दिवा लावला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन समोर येऊन बसली.

मी म्हटलं, “आई, ही पोथी नाही गं!”

“म्हाईत हाय. पन वाचनाऱ्यासमोर कोनी बसाया नको?”

मग रोज तेच. जकात, चलन, हुंडणावळ, सगळं इंग्रजीतून. प्रकरण संपलं की बाबांसकट चौघंही हात जोडायचे आणि आई खोबरं वाटायची.

एकदा एकच पान कितीदा वाचलं, तरी डोक्यात काही शिरेना. मी चिडून पुस्तक मिटलं. “मला यातलं काही समजत नाही. कॉलेज सोडतो. नारळी पुनव झाली की बाबांबरोबर होडीवर जातो.”

बाबांचा जाळ्यावरचा हात थांबला. दोन्ही म्हाताऱ्या आईच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

आई जागची हलली नाही. म्हणाली, “आमाला तरी कुठं काय समजतंय? आमी उठून गेलो का?”