अर्ध्या गोष्टीचा सुकराम

गावकरी हो, मायबहिणींनो, आणि गोंदिया-आमगावहून आलेल्या पाहुण्यांनो,

काल सुकरामची तेरवी झाली. आज त्याच्याच अंगणात बसून त्याच्याबद्दल बोलायचं आहे आणि मला बोलता येत नाही. आपल्या दंडारीच्या खेळात मी पेटी वाजवतो. बोलायचं काम त्याचं. जन्मभर तो बोलला, मी मागून सूर धरला. आता कोणाच्या मागं धरू?

काही लोक म्हणून राहिले की सुकराम पागल होता. चालत्या गाडीतून उड्या मारायचा, एक दिवस मेला. बाजारात ऐकलं, मसणवटीत लाकडं रचतानाही ऐकलं. तेव्हा गप्प बसलो. आज बसणार नाही.

पागल नव्हता तो. त्याला सिनेमाची गोष्ट लिहायची होती. आपल्या सालेकशासारख्या गावातल्या माणसानं सिनेमा लिहू नये असं कुठं लिहिलं आहे काय?

देश आझाद झाला त्या साली तो बंबईला गेला. सिनेमाच्या कंपनीच्या फाटकावरून दरवानानं हाकलला. पुन्हा गेला, पुन्हा हाकलला. परत आला तेव्हा मी म्हटलं, सोड बाबा हा नाद. तर मलाच म्हणे, "मास्तर, आपून कायले जाऊन राहिलो त्यायच्या दारात? तेच तं आपल्या दारावरून जाऊन राहिले."

खरंच होतं. बंबईचे सिनेमावाले कलकत्त्याला जातात ते आपल्या रुळावरूनच. दुपारच्या मेलनं सुकराम गोंदियाला चढायचा, थेट फर्स्ट क्लासात. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. सिनेमाचा माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा, समोर बसायचा आणि गोष्ट सुरू करायचा. एकदा टीसीनं पकडला. त्यानंही अर्धी गोष्ट ऐकली आणि सोडून दिला.

अर्धी. कारण आपली रीत तुम्हाला माहीत आहे. आपली दंडार बाजारात अर्धा खेळ करते. पुढचा पाहिजे असेल त्या गावानं आपल्या अंगणात बोलवायचं. बोलावणं आल्याशिवाय शेवट नाही. आपल्या मुलखात आजवर कोणी ही रीत मोडली नाही. सुकरामला वाटलं, बंबईलाही ती चालेल. चुकला असेल तर एवढ्यातच चुकला. आणि खरं सांगा, आपल्यापैकी कोणाला तेव्हा वेगळं वाटलं होतं? मला तर नाही वाटलं.

दरेकशाच्या चढावर गाडी दमते, माणसाच्या चालीनं चालते. तिथं तो म्हणायचा, "साहेब, पुढचं पाहिजे तं सालेकशाले बोलावनं धाडा. सुकराम म्हणून इचारा." आणि उतरून जायचा. रुळाजवळच्या मोठ्या खडकावर त्यानं चुन्यानं लिहून ठेवलं होतं, हिंदीत, बंबईवाल्यांना वाचता यावं म्हणून: "आगे क्या हुआ?" आणि खाली आपलं नाव. रेल्वेवाल्यांनी पुसायला लावलं. पुसलं, पुन्हा लिहिलं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. एक माणूस तेंदूपत्त्याला जंगलात जातो, परत येत नाही. गाव त्याचं क्रियाकर्म उरकून टाकतं. बायको कुंकू पुसते. कैक वर्षांनी तोच माणूस दारात येऊन हाक मारतो. ती कडीला हात लावते. बस. इथं तो उतरायचा.

मग गोंदियाच्या तंबू टॉकीजला एक सिनेमा लागला. अर्धं गाव बैलगाड्या जुंपून गेलं. तीच गोष्ट, तोच तेंदूपत्ता, तीच कडी. पडद्यावर लिहिणाऱ्याचं नाव दुसऱ्याचं. आणि शेवटी बाई दार उघडते, गाणं होतं, सारे नाचतात. माझं डोकं फिरलं. मी सुकरामकडं पाहिलं. तो शांत. म्हणे, "त्यायचा शेवट चुकला मास्तर. आता तं बोलावतीनच."

अरे देवा! माणसानं इतकं भोळं असावं काय? चोराच्या बोलावण्याची वाट पाहावी काय? मी त्याला शिव्या दिल्या. तो हसला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा मेलवर गेला.

पण माणूस आतून थकला होता. त्याची बायको, आपल्या यसोदा वहिनी, इथं बसल्या आहेत, त्यांच्यासमोर सांगतो. वहिनींनाही त्यानं शेवट सांगितला नव्हता. बोलावणं आलं की पहिल्यांदा तुला, असं कबूल केलं होतं. त्या दिवशी सकाळी भाकर बांधून घेताना म्हणाला, "आज शेवटचा जातो. कोनी बोलावो का न बोलावो, सांजच्याला तुले शेवट सांगतो."

त्या दिवशी मेलला मागून दुसरं इंजिन लावलं होतं. चढावर गाडी दमलीच नाही. इतक्या वर्षांची सवय, तो दारात उभा राहिला आणि उतरला. खडकापाशीच सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इथं बंबईचा एक सिनेमावाला साहेब आला. आपण तिरडी बांधत होतो. डोंगरगडला उतरून उलट्या दिशेच्या पॅसेंजरनं परत आला होता. मला म्हणाला, "कल ट्रेन में मैंने कहा, यह तो फिल्म में आ चुका है. वो बोला, उसमें अंत गलत है. फिर ऐसे सुनाया कि मैं रात भर सोया नहीं. मैं उन्हें बुलाने आया हूँ."

बोलावणं आलं, गावकरी हो. तिरडीपाशी आलं.

साहेबानं वहिनींना हात जोडून विचारलं, शेवट काय होता? वहिनी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शेवट सांगालेच तं ते घरी येऊन राहिले होते."

साहेब जोडे हातात घेऊन ठेसनापर्यंत अनवाणी गेला.

मला आणखी बोलवत नाही. आता सारे उभे राहा. बायाबापड्यांनीही उभं राहावं. थोडा वेळ कोणी काही बोलू नका, पोरांनाही बोलू देऊ नका. मनात सुकरामची गोष्ट आठवा. कडीला हात लागेपर्यंत आठवा आणि तिथंच थांबा. खडकावरचा चुना कोणी पुसू नका, आणि आपल्या मनानं कोणी त्या गोष्टीला शेवट जोडू नका. ते एकदा सिनेमात झालं आहे.

सुकराम, गड्या, राम राम.