हिवाळ्याला राहणारी पाहुणी

मिर्सिनी : मग? तू काय म्हणालास तिला?

इग्नातिस : काय म्हणणार. होडीचं इंजिन चालू केलं. त्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.

मिर्सिनी : शाबास. बाई एवढा धीर करून विचारते आणि हा इंजिन चालू करतो. देवानं मला एकच भाऊ दिला, तोही असा. बस इथं. तो दुसरा सुरा घे, मासे साफ करायला लाग आणि पहिल्यापासून नीट सांग. काय विचारलं तिनं?

इग्नातिस : सांगतो ना. हिल्डेला समोरच्या बेटावर जायचं होतं, संत निकोलाच्या चर्चमध्ये विमच्या नावाची मेणबत्ती लावायला. नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात लावते, तुला माहीतच आहे. या खेपेला मात्र जरा जास्तच वेळ आत होती. मी बाहेर पाव आणि चीज काढून बसलो होतो. आली, पायरीवर बसली, पाव खाल्ला. मग म्हणाली, "या वर्षी मी परतीचं तिकीट काढलेलं नाही." मी म्हटलं, विसरलात की काय? "नाही, विसरले नाही," म्हणाली. तिच्या देशातलं, गेंटचं घर मुलीला देऊन टाकलंय म्हणे.

मिर्सिनी : पुढे?

इग्नातिस : पुढे ती पाण्याकडे बघायला लागली. मीही बघायला लागलो. मग म्हणाली, "इग्नातिस, हिवाळ्यासाठी मी खोली भाड्यानं घेऊ, की तुमच्या घरी येऊ? तुम्ही नको म्हणालात तरी मला राग येणार नाही."

मिर्सिनी : आणि तू इंजिन चालू केलंस.

इग्नातिस : लगेच नाही. आधी म्हटलं, घरी मिर्सिनी आहे.

मिर्सिनी : काय म्हणालास?

इग्नातिस : सुरा खाली ठेव आधी.

मिर्सिनी : मी आहे म्हणजे? मी काय दारात बांधलेली कुत्री आहे, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायला? माझं नाव कशाला घेतलंस मध्ये?

इग्नातिस : मग कुणाचं घेऊ? माझी आर्गिरो गेली तेव्हा मला चहासुद्धा करता येत नव्हता. तू आलीस. महिनाभर राहते म्हणालीस आणि इथलीच झालीस. माझे कपडे, माझं जेवण, माझी आजारपणं, सगळं तू काढलंस. तेव्हाच तो किमोन यायचा, जकात कचेरीतला. तू त्याला दारातच सांगितलंस, भाऊ एकटा पडलाय, त्याला टाकून मला येता येणार नाही. मी मागच्या खोलीत पडलो होतो. शब्द न् शब्द ऐकला.

मिर्सिनी : ऐकलास?

इग्नातिस : तेव्हापासून ऐकतोय. माझ्यापायी तुझा संसार राहिला, मिर्सिनी. आणि आता या वयात मी घरात बाई आणून बसवू? तुला म्हणू, जा आता, तुझं काम संपलं? कुठल्या तोंडानं म्हणू?

मिर्सिनी : अरे देवा. इतकी वर्षं तू त्या किमोनला उराशी धरून बसलायस?

इग्नातिस : हसतेस काय?

मिर्सिनी : हसू नको तर काय करू. तुला किमोन जेवताना कसा दिसायचा आठवतं? माशाचे काटे ताटाच्या कडेला मांडायचा. ओळीनं, लहानमोठे लावून. आणि तोवर आपण सगळ्यांनी थांबायचं. एकदा त्याच्याबरोबर बंदराच्या टोकापर्यंत फिरायला गेले, तर जाताना आणि येताना जकातीचे नियम सांगत होता. त्याच्याशी लग्न? मी बंदरातच उडी मारली असती.

इग्नातिस : मग माझं नाव का घेतलंस?

मिर्सिनी : कारण त्याची आई आपल्या आईची जिवाभावाची मैत्रीण होती. तुमचा मुलगा मला आवडत नाही म्हणून कसं सांगू? तू हाताशी होतास. बायको गेलेला, दाढी वाढलेला, रडवेल्या तोंडाचा. तुझ्याकडे बघून कुणाचीही खात्री पटली असती. केला तुला पुढे.

इग्नातिस : मला सांगायचं नाही का?

मिर्सिनी : तू विचारलंस कधी? तू मनात काय धरून बसलायस ते मला कसं कळणार? मी इथं राहिले ते मला आवडलं म्हणून राहिले. चूल माझी, अंगण माझं, वर तुझ्यासारखा बोलणी खाणारा माणूस. आणखी काय हवं असतं बाईला?

इग्नातिस : खरं सांगतेस?

मिर्सिनी : खोटं सांगून मला काय मिळणार आहे? आता ऐक. मी किमोनला टाळायला तुला पुढे केलं, तू हिल्डेला टाळायला मला पुढे केलंस. पण एक फरक आहे. मला किमोन नको होता.

इग्नातिस : मासे संपले. आणखी आहेत का?

मिर्सिनी : विषय बदलू नकोस. मे महिना उजाडला की होडी रंगवतोस. जूनमध्ये रोज दाढी करतोस. ती येण्याच्या आदल्या दिवशी गच्चीवरच्या जुन्या दोऱ्यासुद्धा गुंडाळून ठेवतोस. मला डोळे आहेत. सगळ्या गावाला आहेत.

इग्नातिस : आणि तू कुठं जाशील?

मिर्सिनी : माझ्या घरी. दोन गल्ल्या वर माझं स्वतःचं घर आहे, विसरलास? परवा जाऊन खिडक्या उघडून आले. थोडी ओल आहे, चुना लावला की होईल.

इग्नातिस : परवा? तिनं तर मला आज विचारलं.

मिर्सिनी : तिनं मला आधी विचारलं होतं. तू पेट्रोल भरायला गेलास तेव्हा आली. तुझ्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, तुम्हाला वाईट वाटणार असेल तर मी त्याच्याशी बोलतच नाही.

इग्नातिस : तू काय म्हणालीस?

मिर्सिनी : म्हटलं, वाटेल थोडं. खोटं कशाला बोलू? रोज पहाटे तुझा खोकला ऐकला की मला कळतं, उजाडलं. तिकडे ते नसेल. तरी तिला म्हटलं, विचार. मला थोडं वाईट वाटेल म्हणून तुम्ही दोघांनी कुढत बसायचं, हा कुठला न्याय? आणि तुझा खोकला एवढा मोठा आहे की दोन गल्ल्या वरही येईल.

(दारावर टकटक होते. हिल्डे आत येते. इथली भाषा ती थोडी चुकतमाकत बोलते. तिच्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट आहे.)

हिल्डे : माफ करा. मिर्सिनी, हे तुमची ताट.

मिर्सिनी : ताट राहू दे. ये, बैस.

हिल्डे : बसत नाही. बॅग भरायची आहे. उद्या सकाळच्या बोटीनं मी जाते.

मिर्सिनी : ऐक. ऐकलंस का, इग्नातिस?

इग्नातिस : उद्याच का?

हिल्डे : आज मी प्रश्न विचारलं. तुम्ही उत्तर दिलं. मला समजलं. मी रागावले नाही, इग्नातिस, खरंच. पण तुम्ही रोज मला बघणार आणि रोज तुम्हाला ओशाळं वाटणार. ते मला नको.

मिर्सिनी : त्याचं उत्तर शिळं झालंय. घरी मिर्सिनी नाही. मिर्सिनी तिच्या घरी चालली आहे. आता नवं उत्तर हवं असेल तर थांब जरा, या माणसाला वेळ लागतो. मी कांदा चिरते. मी इथं नाहीच असं समजा.

इग्नातिस : हिल्डे, तुम्ही इथला उन्हाळा पाहिलाय. हिवाळा नाही पाहिलेला.

हिल्डे : सांगा ना मग.

इग्नातिस : दक्षिणेचा वारा सुटला की बोटी बंद. पाणी रस्त्यावर येतं. कॉफीवाला खुर्च्या आत घेतो आणि मुलाकडे अथेन्सला निघून जातो. डॉक्टर वरच्या गावात, तोही रोज नसतो. वीज जाते. लवकर अंधार पडतो, मग दार लावून बसायचं. आणि समोर कोण, तर मी. मी काही फार बोलणारा नाही.

हिल्डे : विम फार बोलायचा. मला आवडायचं. तुम्ही बोलत नाही. तेही आवडतं.

मिर्सिनी : घोरतोही. तेवढं त्यानं सांगितलेलं दिसत नाही.

इग्नातिस : तू इथं नाहीस ना?

हिल्डे : गेंटलाही अंधार लवकर पडतो. पाऊस पडते. आणि समोर कोणी नाही.

इग्नातिस : विम माझा मित्र होता, हिल्डे. त्याला मी गळ टाकायला शिकवलं. पहिला मासा लागला तेव्हा लहान पोरासारखा ओरडला होता. मला हे असं... त्याच्या मागे...

हिल्डे : मला माहीत आहे. म्हणून आज चर्चमध्ये मी आधी त्याला सांगितलं. मग तुम्हाला विचारलं.

इग्नातिस : म्हणून एवढा वेळ लागला होय?

हिल्डे : त्याला घाईत सांगितलेलं कधी आवडलं नाही. म्हणून सगळं सावकाश सांगितलं. तुमचं, माझं, मिर्सिनीचंही. मग बाहेर आले, तुमच्या हातचा पाव खाल्ला. मला बरं वाटत होतं. तेव्हा विचारलं.

मिर्सिनी : इग्नातिस, तुझ्या डोळ्यांत कांदा गेलाय की काय? चिरतेय तर मी.

इग्नातिस : गप्प बस जरा.

मिर्सिनी : बसले.

इग्नातिस : नोव्हेंबरात आमच्याकडे ऑलिव्ह उतरवायचे असतात. मागच्या उतारावर आमची झाडं आहेत. जुनी आहेत, पण फळ धरतात अजून.

हिल्डे : पाहिली आहेत मी. पण मला झाडावर चढता येत नाही.

इग्नातिस : झाडावर मी चढतो. तू खाली जाळं धर.